राखीव प्रत आणि सिंक : संदर्भसंग्रहाच्या रक्षणाचा विचार

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. त्यासाठी सुमारे १,५०० ग्रंथांतून सुमारे १ कोटी संदर्भचिठ्ठ्या तयार करण्यात आल्या आणि कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्यांच्या संग्रहास एक भय असते व एक अभयही असते. चिठ्ठी एकच असल्यामुळे ती जळाली वा हरवली की कायमची गेली, हे भय. परंतु एका खणात झालेली चूक दुसऱ्या खणात आपोआप शिरत नाही, हे अभय. संगणकावरील संदर्भसंग्रहाने ते भय पुष्कळ अंशी दूर केले. त्याबरोबर ते अभयही गेले, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ मध्ये ‘झोटेरो’ हे संदर्भसंग्रहाचे साधन विनामूल्य उपलब्ध करून दिले. प्रारंभी हा संग्रह वापरणाऱ्याच्या संगणकावरच राहत असे. पुढे दुसऱ्या आवृत्तीबरोबर त्यात ‘सिंक’ची सोय आली. सिंक म्हणजे संगणकावरील संग्रह व दूरच्या सर्व्हरवरील संग्रह यांचा सतत मेळ राखणे. तेव्हापासून प्रश्न उभा राहिला तो असा : सर्व्हरवर प्रत असताना निराळा बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर पाठचिकित्सेच्या अभ्यासकास नवे वाटू नये. महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी १९३३ मध्ये पूर्ण केली. कत्रे यांचा भारतीय पाठचिकित्सेवरील ग्रंथ १९४१ चा. या शास्त्राचा एक मूलभूत नियम असा की, पोथ्या मोजावयाच्या नसतात, त्यांचे मोल ठरवावयाचे असते. एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या दहा पोथ्यांत तोच अपपाठ आढळला, तर ते दहा साक्षीदार ठरत नाहीत; साक्ष एकच. उलट, प्रक्षेप शिरण्यापूर्वी वेगळी झालेली एखादी जीर्ण पोथी एकटी असूनही मूळ पाठ राखू शकते.

सिंक केलेल्या प्रती या पहिल्या वर्गातील होत. टिपणातील मजकूर अनवधानाने पुसला गेला, तर पुढच्या सिंकबरोबर सर्व्हरवरील टिपणही पुसले जाते. काढून टाकलेली नोंद प्रथम कचरापेटीत जाते हे खरे. परंतु नेहमीच्या मांडणीत ३० दिवसांनंतर ती तेथूनही नाहीशी होते. बॅकअप हा दुसऱ्या वर्गातील. तो एका विशिष्ट दिवशीचा संग्रह जसाच्या तसा धरून ठेवतो आणि नंतरच्या घडामोडींपासून अलिप्त राहतो. त्याचे जुनेपण हाच त्याचा गुण होय.

ज्याच्यापाशी एकच संगणक आहे, त्याला हा भेद विशेष लागू पडतो. सिंकचा मुख्य हेतू अनेक संगणकांवर एकच संग्रह मिळावा हा असून, त्याला त्याची गरज नसते. संगणक चोरीस गेला वा डिस्क निकामी झाली, तर सर्व्हरवरील प्रत उपयोगी पडेल. म्हणून सिंक निरर्थक नव्हे. तथापि आपल्याच हातून होणाऱ्या नाशावर तो उपाय नाही. शिवाय सर्व्हरवरील विनामूल्य साठा ३०० मेगाबाइटचा आहे. नोंदींना ही मर्यादा नाही. जोडलेल्या फायलींना आहे. सबब सर्व नोंदी सर्व्हरवर असूनही कित्येक फायली तेथे पोहोचलेल्या नसणे संभवते.

राखीव प्रत घेण्याची रीत सोपी आहे. झोटेरो बंद करावे आणि त्याचे संपूर्ण फोल्डर बाह्य डिस्कवर तारखेसह उतरवून ठेवावे. त्यात नोंदींचा मुख्य डेटाबेस व फायलींचा ‘स्टोरेज’ हा कप्पा, दोन्ही असतात. आधीची प्रत खोडून तिच्याच जागी नवी ठेवू नये. तसे केल्यास बॅकअपही सिंकसारखाच वागू लागतो. हेच फोल्डर मेघसाठ्याच्या फोल्डरात ठेवून देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण चालू डेटाबेस तेथे बिघडण्याचा धोका असतो.

जुनी प्रत परत आणतानाही सावधगिरी हवी. स्वयंचलित सिंक आधी बंद केला नाही, तर सर्व्हरवरील बिघडलेली अवस्था पुन्हा खाली उतरते आणि राखलेला पाठ डोळ्यांदेखत नष्ट होतो. म्हणून प्रथम सिंक थांबवावा, मग जुनी प्रत जागेवर ठेवून ती तपासावी आणि त्यानंतरच सर्व्हरवरील संग्रहाच्या जागी ती चढवावी. मूळ बॅकअप तेवढा डिस्कवर अस्पर्श राहू द्यावा.

संदर्भसंग्रह हे संशोधकाच्या अनेक वर्षांच्या वाचनाचे एकमेव दफ्तर असते. आपला संग्रह आज कसा आहे, हे सिंक सांगतो; काल तो कसा होता, हे केवळ बॅकअप सांगू शकतो. कालची साक्ष जपणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी स्वतःच्या दफ्तराविषयी तरी एकाच साक्षीवर विसंबू नये.