लफेव्र : एका फ्रेंच आडनांवाची हकीकत

फ्रेंच लोकांत एक आडनांव आहे. त्याचा उच्चार सामान्यतः ‘लफेव्र’ असा होतो. तें धारण करणाऱ्या दोन गृहस्थांचीं नांवें कागदावर शेजारीं शेजारीं पाहिलीं, तर पुष्कळदां एकांत ‘व्ही’च्या आधीं ‘बी’ हें रोमन अक्षर बसलेलें दिसतें, आणि दुसऱ्यांत तें नसतें. उच्चार मात्र दोहोंचा एकच. हें मुकें ‘बी’ तेथें कोणी आणून बसविलें, आणि एकदां बसल्यावर तें उठेना कां, ही आजची हकीकत आहे. विषय दूरदेशचा खरा. परंतु ज्यानें उभा जन्म शाळेंत मुलांचीं नांवें लिहिण्यांत घालविला त्याला तो परका वाटत नाहीं.

प्रथम अर्थ पाहूं. ‘ल’ हें फ्रेंच भाषेंतील उपपद आणि ‘फेव्र’ म्हणजे लोहार. मूळ लॅटिन शब्द ‘फाबेर’. रोमन लोकांच्या बोलण्यांत तो केवळ लोहारापुरता नव्हता. लांकूड, दगड, धातु असा कठीण पदार्थ हातानें घडविणारा कोणताही कारागीर ‘फाबेर’ म्हणविला जाई. पुढें गॉल देशांत लॅटिन झिजत जाऊन तिची फ्रेंच झाली, तेव्हां शब्दाबरोबर अर्थही आकसला आणि लोहारावर येऊन थांबला. मौज अशी कीं, ‘फेव्र’ हा शब्द आजच्या फ्रेंच भाषेंत सामान्यनाम म्हणून उरलेलाच नाहीं. लोहाराला आतां ‘फोर्जरों’ म्हणतात. सोनाराला ‘ऑर्फेव्र’ म्हणतात, म्हणजे सोन्याचा फाबेर, त्यांत जुना शब्द तग धरून आहे. आणि दुसरा आश्रय त्याला ह्या आडनांवांत मिळाला.

आडनांवासाठीं लोहारच कां निवडला गेला? अकराव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत फ्रान्समध्यें आडनांवें हळूहळू स्थिरावलीं. तोंपर्यंत बाप्तिस्म्याच्या वेळीं मिळालेलें एकच नांव पुरत असे. वस्ती वाढली, एका गांवांत अनेक ‘झां’ आणि अनेक ‘प्येर’ झाले, तेव्हां ह्याला त्याच्यापासून वेगळा ओळखण्याची अडचण पडूं लागली. शेतकऱ्याला ‘शेतकरी’ म्हणून उपयोग काय? सारा गांवच शेतकरी! लोहार मात्र गांवांत बहुधा एकच. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, दाराची कडी, प्रसंगीं भाल्याचें पातें, कशासाठीं ना कशासाठीं प्रत्येकाला त्याच्या भात्यापाशीं जावेंच लागे. ‘लोहार झां’ म्हटलें कीं ओळख पटली. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, इटालियनांचा फेरारी आणि हंगेरियनांचा कोवाच हे सारे ह्याच कारणानें जन्मास आलेले, आणि आपल्याकडील ‘लोहार’ही त्यांच्याच पंक्तीचा.

खुद्द फ्रान्समध्यें ह्या एका धंद्याचीं नांवें प्रांतोप्रांतीं बदललेलीं आढळतात. उत्तरेस पिकार्डी, आर्त्वा व नॉर्मंडी ह्या भागांत ‘लफेव्र’. दक्षिणेस लांगदॉक व प्रोव्हांस येथें लॅटिन ‘ब’ टिकून राहिला, म्हणून तेथें ‘फाब्र’. दोफिने व लिमूझें प्रांतांत ‘फोर’. सव्हॉय व लगतच्या स्वित्झर्लंडमध्यें ‘फाव्र’. ब्रिटनीची बोली तर लॅटिनच्या कुळांतलीच नव्हे. ती केल्टिक, म्हणून तेथील लोहार ‘लगॉफ’ झाला. आल्सेसमध्यें जर्मन ‘श्मिट’ आहेच. आडनांव ऐकून घराण्याचें मूळ कोणत्या बाजूचें असावें ह्याची अटकळ बांधतां येते, ती अशी. अर्थात् ती अटकळच. माणसें कांहीं झाडें नव्हत.

आतां त्या ‘बी’कडे वळूं. मध्ययुगांतील हस्तलिखितांत ‘यू’ व ‘व्ही’ हीं दोन अक्षरें निराळीं मानलेलीं नव्हतीं. मध्ययुगाच्या अखेरीस लेखक व वकील ह्या वर्गास लॅटिनचा मोठा अभिमान. ‘फेव्र’ लिहितांना तो ‘फाबेर’पासून आला हें दिसावें, आणि पुढचें अक्षर व्यंजन म्हणून वाचलें जावें, अशा हेतूनें त्यांनीं मध्यें एक ‘बी’ घातलें. तें उच्चारावयाचें नव्हतें. केवळ पांडित्याची खूण होती. परंतु पुढच्या वाचकांपैकीं कांहींनीं ‘बी’ही उच्चारलें आणि त्यापुढील अक्षर ‘यू’ समजून वाचलें. त्यामुळें ‘लफेब्यूर’ नांवाचें तिसरेंच आडनांव निर्माण झालें. लेखकानें विद्वत्ता दाखविली आणि एका कुळाचें नांवच पालटलें. 

ज्याला हें पांडित्य खरोखर शोभलें असतें तो मात्र ‘बी’वांचून प्रसिद्ध आहे. झाक लफेव्र देताप्ल हा पिकार्डींतला मोठा पंडित. लॅटिन ग्रंथांवर तो आपलें नांव सरळ ‘फाबेर’ असें घाली. बायबलाच्या नव्या कराराचें त्याचें फ्रेंच भाषांतर 1523 सालीं प्रसिद्ध झालें.

नांवांचें लेखन अनेक शतकें असें सैल राहिलें. 1539 सालीं राजा पहिला फ्रांस्वा ह्यानें व्हिलेर-कॉत्रे येथें काढलेल्या हुकुमानें बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणें धर्मगुरूंस भाग पडलें. तरी एकाच माणसाचें नांव एका पानावर ‘बी’सह आणि दुसऱ्यावर ‘बी’वांचून लिहिलें जाण्यास अडथळा नव्हता. 1792 सालीं क्रांतिकारकांनीं नोंदवह्या धर्मगुरूंकडून काढून नगरपालिकांच्या स्वाधीन केल्या, आणि 23 ऑगस्ट 1794 च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, जन्मनोंदींत लिहिलें असेल त्याखेरीज अन्य नांव कोणाही नागरिकानें धारण करूं नये. 1877 पासून कुटुंबाची पुस्तिका घरोघर देण्यांत येऊं लागली, तेव्हां तर अक्षर न् अक्षर पक्कें झालें. कारकुनानें ज्या दिवशीं जें लिहिलें तेंच कुळाचें सत्य ठरलें.

येथें माझ्या पदरचा एक दोष सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत एक बाप आपल्या मुलास शाळेंत घालण्यास आला. त्याचें दुकान मला ठाऊक होतें. सारा गांव त्याला लोहार म्हणे. मीं आडनांव न विचारतांच ‘लोहार’ असें लिहून टाकलें, आणि त्यानें भिडेनें मान हालविली. कुळाचें आडनांव निराळें होतें. पुढें तो मुलगा मोठा झाला. वडिलोपार्जित जमिनीच्या कागदांवर एक नांव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरें, अशा पेंचांत सांपडून तो माझ्याकडे आला. राजपत्रांत जाहिरात, प्रतिज्ञापत्र, कचेरीच्या खेपा, सारें त्याला करावें लागलें. तो रागावला नाहीं. “गुरुजी, तुम्ही वडिलांना विचारलें असतें तर त्यांनीं सांगितलें असतें,” एवढेंच म्हणाला. तेव्हांपासून त्या फ्रेंच लेखकांस हंसण्याचें धैर्य मला झालेलें नाहीं.

लोकप्रियतेविषयीं थोडें. फ्रान्समधील सर्वांत अधिक आढळणारें आडनांव ‘मार्तें’ हें आहे. ‘बी’सह लिहिलेला लफेव्र पहिल्या विसांत येतो. ‘बी’वांचूनचा लफेव्र, फाब्र, फोर, फाव्र हे सारे भाऊ मोजतांना निराळे धरले जातात, एकत्र मोजले असते तर लोहाराचा क्रम पुष्कळ वर चढला असता.

ह्या घराण्यांतून नामांकित माणसें थोडीं निघालीं नाहींत. नेपोलियनचा सेनापति फ्रांस्वा-जोझेफ लफेव्र हा क्रांतीपूर्वीं साधा सार्जंट. 1807 सालीं डांझिग सर केल्याबद्दल त्या शहराच्या नांवाची ड्यूक ही पदवी त्याला मिळाली. त्याची पत्नी पूर्वीं धोबीण होती. तिच्यावर रचलेलें नाटक 1893 सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर आलें व फार गाजलें. कीटकांचे व्यापार तासन् तास उन्हांत बसून पाहणारा झां-आंरी फाब्र (1823–1915) दक्षिणेचा. संगीतकार गाब्रिएल फोरे (1845–1924) तिकडचाच. 1895 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1899 पर्यंत, राष्ट्राध्यक्ष असलेला फेलिक्स फोर हाही ह्याच शब्दाचा वारस.

ह्यांतील एका फाव्रचा धागा आपल्या किनाऱ्याशीं पोहोंचतो. सव्हॉयच्या डोंगरांतला प्येर फाव्र (1506–1546) पॅरिसमध्यें शिकतांना ज्याच्या खोलींत राहत असे, तो फ्रान्सिस झेवियर. झेवियर 1542 सालीं गोव्यास उतरला. 1546 च्या मे महिन्यांत पूर्वेकडील अंबोयना बेटांतून त्यानें युरोपांतील सोबत्यांना लिहिलें कीं, तुमच्या पत्रांतून तुमच्या हातचीं नांवें कापून घेऊन मीं तीं सदैव जवळ बाळगलीं आहेत. त्याच वर्षीं ऑगस्टच्या पहिल्या दिवशीं फाव्र रोममध्यें वारला.

फ्रान्समध्यें 1 जुलै 2022 पासून सज्ञान माणसाला बापाऐवजीं आईचें आडनांव, किंवा दोन्ही जोडून, नगरपालिकेंत साधा अर्ज देऊन घेतां येतें. परंतु कोणा लफेव्रला आपल्या नांवांतलें तें मुकें ‘बी’ केवळ नकोसें झालें म्हणून गाळावयाचें असेल, तर ह्या सवलतीचा त्याला उपयोग नाहीं. त्यानें सबळ कारण दाखवून न्यायमंत्र्याकडे अर्ज करावयाचा आणि निकालाची वाट पाहत बसावयाचें.