मलिक अंबर
(सु. १५४८–१६२६). अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी (इथिओपियाई वंशाचा) पेशवा व सेनानी. तांबड्या समुद्राच्या व्यापारी वाटांनी इस्लाम इथिओपियाच्या किनाऱ्यावर रुजला होता. याच वाटांवर गुलामांचाही व्यापार चाले.

इथिओपियात जन्मलेला चापू लहानपणीच विकला गेला. बगदादमध्ये त्याला अंबर हे नाव आणि शिक्षण मिळाले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा धनीही हबशीच होता.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकले. अंबरने दुसरा मुर्तजा निजामशहा गादीवर बसवून राज्य सावरले. काही काळ राजधानी जुन्नरला होती.

त्याने मराठा घोडदळ हाताशी धरून गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले.

१६१० च्या सुमारास त्याने खडकी शहर वसवले. ही पिंपरी-चिंचवडशेजारची खडकी नव्हे, तर आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथल्या नहर-ए-अंबरीतून डोंगरपायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात येई. जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धतही गाजली.

त्याची कबर खुलताबादला आहे.