आर्नोवरचा ‘इंडियानो’ पूल आणि आपले राजाराम महाराज

आठवीत असताना इतिहासाच्या तासाला सरांनी विचारले होते, “राजाराम कॉलेजला नाव कोणत्या राजारामांचे?” आम्ही एका सुरात ओरडलो, “शिवाजी महाराजांच्या मुलाचे!” सर हसले. “अर्ध्या कोल्हापूरला असंच वाटतं,” एवढे म्हणाले आणि घंटा झाली. उत्तर राहून गेले. ते मला चाळीसेक वर्षांनी मिळाले, तेही इटलीत, एका पुलाजवळ. स्मरणिकेसाठी लेख मागितल्यावर पहिल्यांदा तोच पूल डोळ्यांसमोर आला.

मुलगी नोकरीनिमित्त युरोपात असते. तिच्याबरोबर दोन दिवस फ्लॉरेन्सला गेलो होतो. तिथे आर्नो नदीच्या काठाने काशिने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या टोकाला मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमाजवळ चक्क आपल्याकडच्या वळणाची एक छत्री उभी आहे. आत पागोटे घातलेल्या एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा आणि चार भाषांतले लेख. जवळच उंच मनोऱ्यांवरून ताणलेल्या तारांचा एक भला मोठा पूल. त्याचे नाव ‘पोन्ते आल इंडियानो’, म्हणजे ‘हिंदी माणसापाशी असलेला पूल’. तो हिंदी माणूस म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

त्यांचा जन्म १८५० चा. बाबासाहेब महाराजांच्या पश्चात १८६६ मध्ये ते दत्तक म्हणून गादीवर आले. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाण्याच्या त्या काळात, १८७० मध्ये, ते इंग्लंडला गेले. तिथे व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. प्रवासाची रोजनिशी त्यांनी इंग्रजीत लिहिली. ती पुढे १८७२ मध्ये कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस.

त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. तिथे मृतदेह दहन करण्याची रीत नव्हती. खास परवानगी काढून, दोन नद्यांचा संगम पाहून, रात्रीच्या वेळी महाराजांवर अग्निसंस्कार झाले. आपल्या राजघराण्याच्या समाध्या पंचगंगेच्या घाटावर आहेत. या तरुण राजाच्या वाट्याला मात्र आर्नोचा काठ आला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा आणि पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. आपला नवा राजवाडाही याच मँट यांनी रचला, हे कळल्यावर त्या परक्या गावात मला एकदम घरचे कोणी भेटल्यासारखे झाले.

पूल त्यानंतर शंभर वर्षांनी आला. १९७२ ते १९७८ या काळात तो बांधला गेला. आराखडा मोंतेमान्यी आणि सिका या वास्तुविशारदांचा, तर अभियंते फाब्रित्सिओ दे मिरांदा. लांबून तो झुलता पूल वाटतो, पण दोन्हींत फरक आहे. झुलत्या पुलात मनोऱ्यांवरून टाकलेल्या मोठ्या दोरांना उभ्या तारा असतात आणि रस्ता त्या तारांना लटकतो. इथे तारा मनोऱ्यावरून तिरक्या थेट रस्त्यापर्यंत येतात, आपल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूसारख्या. मनोऱ्यांच्या मागच्या तारा काठावरच्या जमिनीत पक्क्या रोवल्या आहेत. त्यामुळे सुमारे दोनशे मीटरचा गाळा नदीत एकही खांब न घालता पार झाला. याच आर्नोने १९६६ च्या नोव्हेंबरात अर्धे फ्लॉरेन्स बुडवले होते. पंचगंगेचा पूर पाहत वाढलेल्या माणसाला खांब नसलेल्या पात्राचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वाहनांच्या रस्त्याखाली पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळी वाट टांगलेली आहे. तिच्यावरून आम्ही मायलेक चालत गेलो.

मध्ये थांबून मुलीने विचारले, “आई, रोज इथून जाणाऱ्यांना तरी ठाऊक असेल का, हा इंडियानो कोण?” मी म्हटले, “थोड्यांनाच असेल.” आणि लगेच आमचा आठवीचा वर्ग आठवला. तिथे माणूस लक्षात राहिला, पण त्याचे नाव गळून ‘हिंदी माणूस’ एवढेच उरले. आपल्याकडे उलटे झाले. नाव रोज तोंडी आहे, माणूस विसरला. १८८० मध्ये सुरू झालेल्या राजाराम कॉलेजला नाव या राजाराम महाराजांचे. राजारामपुरी मात्र त्यांच्या नंतरच्या राजारामांची, शाहू महाराजांच्या चिरंजीवांची. आणि ताराराणींचे पती, शिवरायांचे पुत्र, ते तिसरेच. शहर एक, राजाराम तीन!

आपल्यापैकी कितीतरी जण विसाव्या वर्षाच्या आसपास शिक्षणासाठी, नोकरीसाठी गाव सोडून गेलो. आपण परत येऊ शकलो, म्हणून हा मेळावा भरतो आहे. तोच प्रवास अर्धा राहिलेल्या मुलाची एवढी ओळख तरी आपण आपल्या नातवंडांना करून द्यावी, असे मला वाटते.

इतिहासाचे सर मेळाव्याला येणार आहेत, असे कळले. या वेळी मी घंटा व्हायच्या आत उत्तर देणार आहे.