सम आणि विषम ओळी

घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवरचे लग्न संगणकावर उतरवले, की एक विकार हमखास दिसतो. माणसे स्थिर असतात तोवर चित्र स्वच्छ असते. अक्षता टाकायला हात उठला, की त्याची कड कंगव्याच्या दातांसारखी फाटते. आपण कॅसेटच्या वयाला दोष देतो. खरे कारण दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेत आहे.

सेकंदाला २५ चित्रे दाखवली तर पडदा लुकलुकतो. ५० पूर्ण चित्रे पाठवायची तर दुप्पट लहरपट्टा लागतो. या पेचावर जर्मनीत फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३० साली आणि अमेरिकेत रँडल बॅलर्ड यांनी १९३२ साली एकस्व घेतले. तोडगा साधा होता: एका फेरीत विषम ओळी काढायच्या, दुसऱ्या फेरीत सम. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा बेअर्ड यांची २४० सलग ओळींची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ गुंफलेल्या ओळींची पद्धत आलटून पालटून वापरली गेली. काही महिन्यांतच बेअर्ड पद्धत मागे पडली. भारताने ६२५ ओळींची पद्धत स्वीकारली, तीही गुंफलेलीच. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते याच पद्धतीने, आणि आपल्या कॅसेटीही त्याच चालीच्या.

मुद्द्याची गोष्ट अशी, की त्या दोन फेऱ्या एकाच क्षणाचे दोन अर्धे भाग नव्हेत. त्यांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर आहे. जुना काचेचा पडदा त्या एकामागून एक रंगवत असे. संगणक दोन्ही एकदम मांडतो, म्हणून हात फाटतो.

दुरुस्ती करताना बहुतेक जण दोन्ही फेऱ्या एकमेकींत मिसळतात. दाते जातात, पण प्रत्येक हालचालीमागे भुतासारखी सावली उरते. एक फेरी टाकून दिली, तर अर्धे क्षणच जातात. योग्य रीत म्हणजे प्रत्येक फेरीतून एक पूर्ण चित्र घडवून सेकंदाला ५० चित्रे करणे. फेऱ्यांचा क्रम चुकला, तर माणसे पुढे-मागे थरथरतात. तो उलटा करून पाहावा. मात्र फेऱ्या सुट्या करण्याआधी चित्राची उंची बदलली, तर सम-विषम ओळी कायमच्या कालवल्या जातात.

आमच्या आजीचे एकमेव चलचित्रण असेच एका दुकानात आकुंचित होऊन आले. ‘आता कॅसेट ठेवायची गरज नाही’, असेही सांगण्यात आले होते. सुदैवाने ती ट्रंकेत राहिली. पुन्हा उतरवताना दृश्य ५७६ ओळी जशाच्या तशा जपल्या, आणि पाहण्यासाठीची प्रत वेगळी केली. पहिल्या फाइलमध्ये आजीचा हात म्हणजे एक धूसर पट्टा होता. दुसरीत ती पदर सावरते आहे हे दिसले. कॅसेटवरचा लेप दरवर्षी झिजतो आहे. तेव्हा मूळ गुंफण आधी जपावी. ती सोडवण्याच्या रीती पुढेही सुधारत राहतील.