लाउदातो सी

लाउदातो सी हे पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणविषयक परिपत्रक आहे. त्यावर २४ मे २०१५ ही तारीख असून ते १८ जून २०१५ रोजी प्रसिद्ध झाले. संपूर्णपणे पर्यावरणाला वाहिलेले हे पहिले पोपप्रणीत परिपत्रक मानले जाते. ते केवळ कॅथलिकांना नव्हे, तर पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला उद्देशून लिहिलेले आहे.

नाव

हे नाव असिसीचे संत फ्रान्सिस यांनी तेराव्या शतकात उंब्रियन बोलीत रचलेल्या स्तोत्रातून घेतले आहे. त्या स्तोत्रात सूर्याला बंधू, तर चंद्राला व पाण्याला भगिनी मानले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये या संतांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केले होते.

पार्श्वभूमी

अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात असल्याचे प्रतिपादन केले. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकात (१:२८) मानवाला सृष्टीवर सत्ता दिल्याचे वर्णन आहे. परिपत्रक या वचनाचा निरंकुश सत्तेचा अर्थ नाकारते. त्याच पुस्तकात (२:१५) मानवाला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले आहे. या दोन्ही वचनांचा एकत्रित विचार केल्यास मानव हा सृष्टीचा मालक नसून राखणदार ठरतो, अशी मांडणी त्यात आहे.

आशय

परिपत्रकात सहा प्रकरणे व २४६ परिच्छेद आहेत. निसर्गाचा ऱ्हास व गरिबांची दैना ही एकाच संकटाची दोन अंगे आहेत, हे त्याचे मुख्य सूत्र होय. सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क आहे, श्रीमंत देशांवर गरीब देशांचे 'पर्यावरणीय ऋण' आहे, तसेच उपभोगाची हाव आवरल्याशिवाय केवळ तंत्रज्ञानाने प्रश्न सुटणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

प्रतिसाद व टीका

कार्बन पतव्यवहाराविषयी परिपत्रकाने व्यक्त केलेली साशंकता काही अर्थतज्ज्ञांना मान्य झाली नाही. लोकसंख्यावाढीपेक्षा अतिउपभोगाला अधिक दोष देण्याच्या भूमिकेवरही आक्षेप घेण्यात आले. ऑर्थोडॉक्स चर्च १९८९ पासून १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळत आले आहे. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक चर्चसाठीही स्वीकारला. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांनी 'लाउदाते देउम' हे पूरक पत्र प्रसिद्ध केले. हवामानबदलावरील उपाययोजना अपुरी असल्याचे त्यात नमूद केले आहे.