विखुरलेले ठिपके

अकरावीत मक्याच्या खोडाचा आडवा छेद काढला असेल, तर एक वाक्य आजही पाठ असेल: द्विदल खोडात वाहक पूल वर्तुळात असतात, एकदल खोडात विखुरलेले. या ‘विखुरलेल्या’ ठिपक्यांनी शास्त्रज्ञांना दीडशेहून जास्त वर्षं झुलवलं.

आंब्याचं खोड कापलं की वलयं दिसतात. साल आणि लाकूड यांच्यामधला कँबियमचा थर दरवर्षी आतल्या बाजूला नवं लाकूड घालतो. माडाच्या खोडात वलयं नाहीत, नुसते ठिपके. कडेला दाट आणि टणक, मध्यभागी विरळ आणि मऊ. मग ते खोड वाढतं कसं?

18व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ देफोंतेनने उत्तर दिलं: कडेचं टणक ते जुनं, मधलं मऊ ते नवं, म्हणजे ही झाडं आतून वाढतात. तर्क सरळ होता. 1813 मध्ये द कँडोलने त्यावरून वनस्पतींचे ‘आतून वाढणाऱ्या’ आणि ‘बाहेरून वाढणाऱ्या’ असे गटच पाडले.

1831 मध्ये जर्मनीच्या ह्यूगो फॉन मोलने एकेक पूल पानापासून खाली शोधत नेला. तो आधी खोडाच्या मध्याकडे जातो आणि खाली उतरताना पुन्हा कडेला वळतो. म्हणजे मधला ठिपका आणि कडेचा ठिपका हा एकाच पुलाचा वरचा-खालचा भाग असू शकतो. देफोंतेनचा तर्क कोसळला, पण नाव टिकलं: लंडनच्या लिंडलीच्या 1846 च्या ग्रंथातही तोच गट आहे.

उरलेला गुंता सुटला 1960 च्या दशकात. झिमरमन आणि टॉमलिन्सन यांनी रॅपिस पामच्या (नर्सरीत कुंडीत मिळतो तोच) खोडाचे ओळीने छेद घेतले, प्रत्येकाचा फोटो सिनेफिल्मवर काढला आणि फिल्म चालवली. ठिपके हलू लागले! प्रत्येक पूल वर चढताना हळूहळू मध्याकडे सरकत होता, मग झटकन वळून पानात शिरत होता. पण जाताना एक फाटा मागे ठेवत होता. तो फाटा पुढे चढत राहतो.

माडाला या जोडणीचाच आधार आहे. कँबियम नसल्याने नव्या वाहिन्यांचा थर चढत नाही. तेच पूल आयुष्यभर पाणी वाहतात. म्हणून चढण्यासाठी खोडात घातलेल्या खाचाही कधी भरून येत नाहीत.

परीक्षेत ‘विखुरलेले’च लिहा. ते एका छेदापुरतं खरं आहे.