पंतोजीची ओसरी आणि मार्गदर्शक शिक्षक

नव्या काबिजादीतील डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. तिसवाडी, बारदेश, सासष्टीच्या मानाने येथील मराठी अक्षरपरंपरा त्यामुळे कमी खंडित झाली. सावकारांच्या ओसरीवर आणि देवळांच्या आश्रयाने भरणाऱ्या पंतोजींच्या शाळांनी ती जपली. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरी समानता लाभली आणि मराठी शाळा वाढू लागल्या.

या शाळांचे शिक्षक घडले कोठे? मुंबईत १८४५ साली अध्यापकवर्ग निघाला, त्याची धुरा पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. ओसरीवरच्या पंतोजीला असा वर्ग लाभला नाही. वडील विद्यार्थ्याने धाकट्याकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घ्यावीत, पाढे म्हणवून घ्यावेत आणि पंतोजींनी चुकेल तेथे सावरावे. या रीतीतूनच पुढचा पंतोजी तयार होई. मद्रासेत अँड्र्यू बेल यांनी आखलेल्या आणि इंग्लंडात नेलेल्या पद्धतीची जातकुळी हीच.

मात्र या रीतीने गुणांबरोबर दोषांचाही वारसा दिला. ज्याच्या हाताखाली शिकावे, त्याची छडी आणि घोकंपट्टीही अंगी येई. अनुभवी शिक्षक आपोआप उत्तम मार्गदर्शक ठरत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि सरकारी मराठी प्राथमिक शाळा खेडोपाडी पोहोचल्या. पुढे २०१४ च्या राष्ट्रीय नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले व छात्राध्यापकासाठी वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता ठरवली. कायद्याने काळ नेमला. पण आठवडे मोजून मार्गदर्शक घडत नाही. पाठ कसा पाहावा, टाचणातील उणीव कशी दाखवावी, पाठानंतर छात्राध्यापकाचा धीर न खचवता कसे बोलावे, हे शिकावे लागते.

येथे भाषेचा प्रश्न अटळ आहे. पेडण्याच्या मुलाची घरची बोली कोकणी, पुस्तक मराठी. मूल कोठे अडखळले आणि ते अज्ञानाने की बोलीच्या वळणाने, हे ओळखण्याची दृष्टी मार्गदर्शकानेच द्यायची असते. निरीक्षणाची परिभाषा इंग्रजी आणि वर्ग मराठी असेल, तर नेमके हेच निसटते.

म्हणून मार्गदर्शक शिक्षकांचे प्रशिक्षण मराठीतून व्हावे, पर्वरीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने ते हाती घ्यावे आणि एकशिक्षकी शाळांसाठी शेजारच्या शाळांचा गट करून एक मार्गदर्शक नेमावा. परक्या सत्तेखाली ओसरीने जे तुटपुंज्या साधनांनी केले, ते स्वराज्यात विचारपूर्वक करणे अवघड नाही.